वीस मिनिटं, रोज संध्याकाळी

प्रिय खारूताई,

सव्वा महिन्यापूर्वीच्या एका शनिवारी पहाटे, तुझी आई उठायच्या आत, मी आपल्या लॉनवर अकरा रिकामे डबे मांडले. पत्र्याचे, सगळे एका मापाचे. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याकडून मागून आणले होते. त्याला वाटलं मी भंगाराचा जोडधंदा सुरू केला. सहा डबे गवतावर, दोन पश्चिमेच्या भिंतीलगत आणि तीन फरशीच्या वाटेवर असे ठेवून मी फवारा सोडला, घड्याळ लावून पायरीवर बसलो आणि डोळे मिटून रोजची प्रार्थना करायचा प्रयत्न केला. मन लागेना. डब्यांत टपटप आवाज होत होता आणि माझं लक्ष देवापेक्षा तिकडेच. तेवढ्यात आई दारात आली. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, गवताची पंगत बसवलीत होय? मग वाढपी असा बसून का?"

वीस मिनिटांनी फवारा बंद करून मी फूटपट्टीनं प्रत्येक डब्यातलं पाणी मोजलं. फवाऱ्याजवळच्या डब्यात चौदा मिलिमीटर. पलीकडच्या टोकाला दोन. भिंतीलगतचे दोन्ही डबे असे कोरडे, की एकातून मुंगी फेरफटका मारून परत आली. आणि फरशीवरचे तीन, जिथं गवताचं एक पातं नाही, तिथं प्रत्येकी दहा. खारूताई, माझं अर्धं आयुष्य दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलं. किलोमागं पाच ग्रॅमचा फरक मला नुसत्या पारड्याच्या हालचालीवरून कळतो. काटा मारणाऱ्यांना मी तोंडावर बोललेलो आहे. आणि घरात बारा वर्षं मी फरशीला पाणी पाजत होतो, ती उतारानं ते रस्त्यावरच्या गटाराला देत होती, आणि मी रोज समाधानानं पाइप गुंडाळून ठेवत होतो. हे पहाटेचं माप, वारा नसतानाचं. संध्याकाळी वाऱ्यावर काय होत असेल ते विचारूच नकोस. गावच्या शाळेत आम्ही फळा पुसायचं फडकं ज्या पाण्यात बुडवायचो, ते खडूचं पाणीसुद्धा गुरुजी फेकू देत नसत, दारातल्या झाडाला घालायला लावत. ते आठवलं आणि खरं सांगतो, देवासमोर बसायची लाज वाटली.

तुला मी दर रविवारी फोनवर सांगत आलो की लॉन मजेत आहे. ते खोटं होतं. आईला मीच दटावून ठेवलं होतं, "तू काही बोलू नकोस, मी बघतो." तेव्हा तिच्यावर रुसू नकोस. दोन महिन्यांपूर्वी पाणीपुरवठा खात्याचा कागद आला, की यापुढं बागेला पाणी आठवड्यातून दोनच दिवस, तेही सकाळी आठच्या आत. शेजारच्या नर्सबाईंनी तो वाचून त्याच दिवशी आपली चार फुलझाडं कुंड्यांत हलवली आणि मोकळ्या झाल्या. मला तसं करता येईना. आपल्या नळाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली तुझ्या बाबांची चिठ्ठी मी रोज बघत आलो आहे. 'रोज संध्याकाळी, वीस मिनिटं.' चित्रकलेच्या शिक्षकाचं ते अक्षर, एकेक वेलांटी कोरलेली. रोजच्या जागी दोन दिवस आणि संध्याकाळच्या जागी सकाळ झाली, आणि तीन आठवड्यांत गवत पिवळं पडायला लागलं. पाऊल ठेवलं की ठसा तसाच उमटून राहायचा. पूर्वी पातं उसळून वर यायचं, आता तुडवलेल्या माणसासारखं पडून राहायचं. मी ठशांवरून हात फिरवून पाती उभी करायचो. नर्सबाईंनी मला तसं करताना एकदा पाहिलं आणि कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊ, नाडी लागतेय का?"

तुला आठवतं की नाही ठाऊक नाही, पण मला तो दिवस आठवतो. मी या घरात राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू दहा वर्षांची. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. नवीन माणसानं काहीतरी उपयोगी पडावं म्हणून मी सकाळी लवकर उठून गवताला पाणी सोडलं. तू अनवाणी धावत आलीस, माझ्याकडे न बघता नळ बंद केलास, झाकण उघडून चिठ्ठीवर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "बाबांनी संध्याकाळी लिहिलंय." ओरडली नाहीस, रडली नाहीस. नवख्या गिऱ्हाइकाला दुकानाची वेळ सांगावी तसं सांगितलंस. मी म्हटलं, "चुकलो." तू म्हणालीस, "पुन्हा करू नका." त्यानंतर, खात्याचा तो कागद येईपर्यंत, मी खरंच कधी केलं नाही. या घरात कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे मी तुझ्या तोंडाकडे बघून शिकलो. कपाट सरकवायचं तरी आधी तुला विचारायचो. आई म्हणायची, "एवढं काय विचारता पोरीला?" पण मला ते विचारणं आवडायचं. दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसाला कुणीतरी होय-नाही म्हणणारं लागतं. ते तू होतीस, आणि तू कधीही मुद्दाम 'नाही' म्हणाली नाहीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहूनच गेले.

आणि त्या चपलांबद्दलही. नळापाशी बाबांच्या रबरी चपला असायच्या, त्यांना कुणी हात लावायचं नाही. मी आपला बूट भिजवत पाणी घालायचो आणि सकाळी ओल्या बुटांनी कामावर जायचो. दीड-दोन वर्षांनी एका संध्याकाळी तिथं नव्या कोऱ्या निळ्या चपला दिसल्या. खाऊच्या पैशांतून तू आणल्या होत्यास. कुणाच्या, विचारलं तर म्हणालीस, "ज्यांचे बूट भिजतात त्यांच्या." आज सांगतो, त्या मला दोन नंबर मोठ्या होत्या. तू बाबांच्या चपलेवरून माप नेलं असणार. पुढं चिंध्या कोंबून मी त्या चार वर्षं वापरल्या. दोनदा पाय घसरून पडलो, एकदा कंबर लचकली. तुला सांगितलं होतं की ट्रकमधून काटा उतरवताना लचकली. तेव्हा माझं खोटं बोलणं काही आजचं नाही.

तर त्या शनिवारी डबे गोळा केल्यावर मी बिजागरीचे चार स्क्रू काढून नळाच्या पेटीचं झाकण सोडवलं, पिशवीत घातलं आणि शहराबाहेरच्या त्या जुन्या रोपवाटिकेत गेलो, जिथून बाबांनी हे गवत आणलं होतं. शिवाय फावड्यानं कोपऱ्यातला वीतभर तुकडा उचलून ओल्या कागदात गुंडाळून नेला. मालक आता सत्तरी ओलांडलेला, पाठीत वाकलेला, पण जीभ सरळ आणि धारदार. झाकण बघून म्हणाला, "आजवर लोक पानं घेऊन यायचे. तुम्ही झाकण आणलंत. पुढच्या खेपेला टाकी आणाल." मग चष्मा लावून त्यानं चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. "हे अक्षर मी विसरायचा नाही. मी सांगितलं आणि त्या गृहस्थांनी तिथं, त्या बाकावर बसून लिहून घेतलं. चित्र काढल्यासारखं लिहीत होते. मी म्हटलंसुद्धा, मास्तर, गवत वाळेल तोवर." मला हसू आलं. पण तो हसत नव्हता. म्हणाला, "अहो, पण ही पहिल्या पंधरा दिवसांची चिठ्ठी आहे. नव्या गवताची. त्याला मूळच नसतं, म्हणून रोज थोडं थोडं पाजायचं, तान्ह्या पोरासारखं. तुम्ही किती दिवस पाळलंत हे?" मी म्हटलं, चौदा वर्षं. त्यातली बारा मी.

त्यानं माझा तुकडा उलटा केला. मुळं दोन बोटंसुद्धा खोल नव्हती, नुसती वरच्यावर जाळी धरून बसली होती. "बघा. रोज तोंडाशी घास आला, ते खाली कशाला जाईल? आता वरचं पाणी तोडलंत, तर खाली याचं कुणीच नाही. मी त्यांना म्हटलं होतं, पंधरा दिवसांनी या, पुढचं सांगतो. ते काही आले नाहीत. मला वाटलं, लागलं असेल छान. काम झाल्यावर माळ्याला कोण विचारतो?" मग मी त्याला सांगितलं, की लॉन लावल्याच्या नवव्या दिवशी शाळेत, तास चालू असतानाच त्यांचं हृदय थांबलं. म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. माठातलं पाणी काढून मला दिलं. आणि म्हणाला, "बसा त्या बाकावर. त्यांना सांगायचं राहिलं ते सांगतो. लिहून घ्या."

मी बसलो आणि लिहून घेतलं. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडीचे पाय. खारूताई, मी तुझ्या बाबांना कधी पाहिलं नाही. बैठकीतल्या फोटोपुढून रोज जाता-येता मी मनातल्या मनात मान लववतो, एवढीच आमची ओळख. या घरात मी त्यांच्या जागी आलो असं लोक म्हणायचे, तेव्हा मला अवघडल्यासारखं व्हायचं. कुणाच्या जागी कुणी येत नसतं. पण त्या बाकावर मला पहिल्यांदा वाटलं, की त्यांची एक खेप राहिली होती आणि ती मी केली. चौदा वर्षं उशिरा, पण केली. एवढी वर्षं मी त्यांच्या सांगण्याबाहेर जाऊ नये म्हणून जपत होतो, आणि ते बिचारे पुढचं विचारायला जायच्या तयारीत होते. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. घरी येताना झाकण मी मांडीवर धरून बसलो होतो.

म्हाताऱ्यानं सांगितलं ते तुलाही सांगतो, पुढं तुझं घर होईल तेव्हा कामाला येईल. पाणी सूर्य वर यायच्या आधी, वारा पडलेला असताना. रोज नाही. पण देशील तेव्हा पोटभर. आणि एका दमात नाही, नाहीतर आपल्यासारख्या कडक जमिनीवरून ते वाहून जातं. दहा मिनिटं द्यायचं, अर्धा तास थांबायचं, जमिनीला गिळू द्यायचं, मग पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा थांबायचं. असं तीनदा. नंतर लांब स्क्रू ड्रायव्हर जमिनीत खुपसून बघायचा. वीतभर सहज गेला तर पाणी पोचलं. पुढचं पाणी कधी, हे वारावर ठरवायचं नाही, पावलावर ठरवायचं. ठसा उमटून राहिला तर गवत तहानलेलं, उसळून वर आलं तर गप्प बसायचं, दिवस आपला असला तरी. आणि गवत फार बुडातून कापायचं नाही. चार बोटं राखलं की ते स्वतःच्याच सावलीत ओल धरून राहतं. मी इतकी वर्षं अगदी बारीक कापायचो. बाबांनी लावलेलं नीटनेटकं दिसावं म्हणून. आई म्हणते, "तुम्ही त्याची हजामत करत होता."

दोन पाण्यांमधलं अंतर म्हाताऱ्यानं हळूहळू वाढवायला सांगितलं होतं, ते नियमामुळं जमेना. एकदम तीन-चार दिवसांचा खाडा. आपलं अंघोळीचं पाणी गरम यायच्या आधी जे गार वाया जातं, ते आई बादलीत धरू लागली आणि मधल्या दिवशी फार सुकलेल्या जागी ते मी तांब्यानं घालायचो. पहिले दोन आठवडे जीव मुठीत धरून काढले. रोज पहाटे प्रार्थना झाली की खाली जायचं आणि वाकून बघायचं. मी देवाकडे आजवर स्वतःसाठी फारसं मागितलं नाही, मागायची कधी फार वेळ आली नाही. पण त्या दिवसांत गवतासाठी मागितलं. बुद्धीला पटत नव्हतं तरी मागितलं. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी मधल्या भागावरून चालत गेलो आणि मागं वळून पाहिलं, तर ठसे नव्हते. आईला हाक मारून चालायला लावलं. तिचेही नव्हते. पन्नाशीला टेकलेली दोन माणसं अंगणात पुढं-मागं चालत आपली पावलं शोधतायत, हे बघून नर्सबाईंनी विचारलं, "काही हरवलं का?" आई म्हणाली, "हो, आणि सापडत नाही म्हणून आनंद झालाय."

फवारा आता मी बदलला आहे. छोटा, फक्त गवतापुरता फिरणारा. फरशी कोरडी असते. पुन्हा डबे मांडून पाहिलं, गवतावरच्या सगळ्यांत जवळजवळ सारखं पाणी. तो मधला भाग आणि घराकडची बाजू, म्हणजे दोन तृतीयांश लॉन, वाचलं. पहिल्यासारखं हिरवंगार गालिच्यासारखं नाही, थोडं रापलेलं, उंच, पण जिवंत. मुळं चार-पाच बोटं खाली गेली आहेत, मी एके ठिकाणी उकरून पाहिलं. नुसतं तेवढं बघून मला बराच वेळ उठवेना.

पण पश्चिमेच्या भिंतीची पट्टी राहिली नाही. तिथं दुपारभर भिंत तापते आणि जमीन उताराची, पाणी ठरत नाही. म्हाताऱ्याला घरी आणून दाखवलं, तर त्यानं बुटाच्या टोकानं माती उकरली आणि म्हणाला, "इथं गवत लावायलाच नको होतं. मी त्या वेळीही म्हटलं होतं. मास्तर म्हणाले, मुलीला भिंतीपर्यंत हवंय." ही पट्टी कोणती, हे तुला सांगायला नको. बाबांनी शेवटची ओळ तुझ्याकडून लावून घेतली होती, तुझ्या हातात एकेक तुकडा देत. घरी आलीस की चहाचा कप घेऊन तू तिथंच, भिंतीला पाठ टेकून बसतेस. ती पट्टी जगवायची तर बाकीच्या लॉनएवढं पाणी एकट्या तिला लागलं असतं, आणि मग दोन्ही गेलं असतं.

मी दहा-बारा दिवस काहीच केलं नाही. दर रविवारी फोनवर विषय जिभेपर्यंत यायचा आणि मी तुझ्या जेवणखाणाची चौकशी करायचो. आई म्हणाली, "विचारा तिला, ती काही लहान नाही." हे पत्र मी त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, तुला विचारायला. दोन कागद लिहिले आणि फाडले. कारण मी विचारलं असतं तर तू 'हो' म्हणाली असतीस. तू समजूतदार आहेस, लगेच म्हणाली असतीस, "काढा काका, त्यात काय." आणि मग आयुष्यभर तुला वाटलं असतं, बाबांच्या हातची ओळ उपटायला मी होकार दिला. तो होकार मला तुझ्याकडून घ्यायचा नव्हता. बारा वर्षं या घरातली प्रत्येक गोष्ट मी तुला विचारून केली, आणि तू मला ती करू दिलीस. म्हणूनच ही एक न विचारता करायचं धाडस झालं. तू पुढच्या शुक्रवारी येशील तेव्हा फाटकातूनच भिंतीलगतची माती उघडी दिसेल, ती अचानक दिसू नये म्हणून आता हे लिहितो आहे. राग आला तर तो सगळा माझ्यावर काढ, आईवर नको, आणि स्वतःवर तर मुळीच नको. काल, गुरुवारी, मी कामावरून रजा घेतली. उजाडताना हात जोडले, देवाला आणि फोटोला, आणि फावडं घेऊन भिंतीच्या टोकापासून सुरुवात केली. थोड्या वेळानं आई खुरपं घेऊन शेजारी येऊन बसली. ज्या सात तुकड्यांत अजून जीव होता ते उचलून मधल्या विरळ जागी बसवले, बाकीचं काढून टाकलं, आणि साडेदहाच्या सुमारास सगळी पट्टी निघाली होती.

तुझाच,
काका